पाच डब्या आणि एक रिकामी: घरच्या घरी वासाची टेस्ट कशी करायची

२०२१ चा एप्रिल. बेळगावात वडगावच्या आमच्या घरी वैनी लोणी कढवत होत्या, मी मागच्या दारी हातपाय धूत होतो, आणि सोप्यातून आप्पा ओरडले, "अगं करपालंय की काय तरी आत!" आत जाऊन बघतो तर पातेल्यातली बेरी कोळशासारखी काळी, विड्याचं पान जळून चिकटलेलं, घरभर धूर. आणि वैनी तिथंच उभ्या, गॅसपासून दीड हातावर, हातात चमचा. फोन नाही, टीव्ही नाही, लक्ष दुसरीकडं नव्हतंच. म्हणाल्या, "मला काय वासच आला नाही की."

गंमत म्हणजे त्याच दिवशी सकाळी आशाताई दारात येऊन विचारून गेलेल्या, ताप आहे का, खोकला आहे का, वास येतो का. वैनींनी तिन्हीला "सगळं बरं हाय" सांगितलं. खोटं नव्हतं ते, त्यांना खरंच तसं वाटत होतं. सर्दी नव्हती, नाक मोकळं होतं, वास गेलाय हे कळायला आधी काहीतरी वासाचं नाकाशी यावं लागतं आणि ते आलंय हे डोळ्यांनी दिसावं लागतं. दोन दिवसांनी कोविडचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, तोवर दादाला आणि मला अंगदुखी सुरू झालेली.

तेव्हापासून माझं ठाम मत झालंय की "वास येतो का?" असं विचारून काही कळत नाही, डबी नाकाखाली धरूनच बघावं लागतं. आणि एकदा बघून पण भागत नाही, माणूस बरा असतानाचं नाक आधी माहिती पाहिजे. हे मी डॉक्टर म्हणून सांगत नाहीय, मी उद्यमबागमध्ये एका फाउंड्रीच्या ऑफिसात कामाला आहे. पण त्या वर्षीपासून घरात ही टेस्ट करतोय, चुका करून करून शिकलोय, आणि पावण्या-रावळ्यांनी इतक्या वेळा विचारलंय की एकदा नीट लिहूनच टाकावं म्हटलं.

आधी हे कितपत खरं आहे ते बघू

२०२० मध्ये इराणात दवाखान्यात भरती असलेल्या ६० कोविड पेशंटना ४० वास ओळखायची टेस्ट दिली. ६० पैकी ५९ जणांचं नाक कमी-जास्त बिघडलेलं निघालं. पण आपला वास कमी झालाय हे स्वतःला जाणवलेले लोक होते फक्त ३५ टक्के. म्हणजे आमच्या वैनी काय एकट्या नव्हत्या. आपल्याकडं पुण्याच्या आयसर ह्या विज्ञान संशोधन संस्थेनं बी. जे. मेडिकल कॉलेजबरोबर मिळून, बाहेरून कुठलंच लक्षण नसलेल्या पॉझिटिव्ह लोकांचं नाक मशीनवर मोजलं, त्यात ८२ टक्के लोकांची वास घ्यायची ताकद कमी भरली. आपल्या सरकारनं वास आणि चव जाणं हे कोविडच्या लक्षणांच्या यादीत घातलं १३ जून २०२० ला, ब्रिटननं त्याच्या जवळजवळ महिनाभर आधी, १८ मे ला.

त्या काळात आपण मात्र सगळीकडं ताप मोजत बसलो होतो. राज्याच्या हद्दीवरच्या कोगनोळी नाक्यावर महाराष्ट्रातून येणाऱ्याला ७२ तासांच्या आतला आरटीपीसीआर निगेटिव्ह रिपोर्ट लागायचा, ते एक सोडलं तर दुकान, बँक, कारखान्याचं गेट, लग्नाचं कार्यालय, जिथं जाल तिथं कपाळाला ती थर्मामीटरची बंदूक. ताप बऱ्याच जणांना येतच नव्हता, आणि आलाच तर एक गोळी घेऊन माणूस गेटमधून आत. नाकाला असली गोळी नाही.

आता दुसरी बाजू, ती पण सांगितली पाहिजे नाहीतर फसवल्यासारखं होईल. डेल्टाच्या लाटेत वास जाणारे लोक निम्म्यावर होते, ओमिक्रॉन आल्यावर तो आकडा एकदम खाली आला. ब्रिटनमध्ये अॅपवर लाखो लोक रोजची लक्षणं नोंदवायचे, त्यातून निघालेला हिशेब असा की डेल्टाच्या काळात ५२.७ टक्के आणि ओमिक्रॉनच्या काळात १६.७ टक्के. म्हणजे आज कोविड झाला तरी सहातल्या पाच जणांचा वास शाबूत राहू शकतो. त्यामुळं टेस्टमध्ये पास झालो म्हणून मी बरा, असा अर्थ अजिबात काढायचा नाही. ह्या टेस्टचं 'नापास' कामाचं आहे, 'पास' बिनकामाचं.

आणि नापास झालं म्हणजे कोविडच, असंही नाही. साध्या सर्दीचे व्हायरस, फ्लू, हे पण नाक मारतात. टेस्टला ते कोण आहे ते कळत नाही. पण घरात ऐंशी वर्षांचा माणूस असेल, कुणाला शुगर असेल, कुणी डायलिसिसवर असेल, तर कुठला का व्हायरस असेना, दोन दिवस आधी कळलं तर मास्क लावून वेगळ्या खोलीत झोपता येतं. एवढाच उपयोग, पण तो फुकटात मिळतो.

नाक जातं म्हणजे नेमकं काय होतं ते थोडक्यात. सर्दीत नाक चोंदतं, हवाच वर पोचत नाही, म्हणून वास येत नाही. कोविडमध्ये प्रकरण वेगळं. नाकाच्या अगदी वरच्या छताला वास ओळखणाऱ्या पेशींचा एक छोटा पट्टा असतो, त्या पेशींना आधार देणाऱ्या, पोसणाऱ्या दुसऱ्या पेशी शेजारी असतात, आणि व्हायरसला आत शिरायला जे दार लागतं, एसीई-२ नावाचं, ते ह्या आधाराच्या पेशींवर असतं. वास घेणाऱ्या मज्जापेशींवर ते जवळजवळ नसतंच. म्हणजे खांब पाडले की माडी बसते, तसं. म्हणून नाक मोकळं असून वास गायब, आणि म्हणूनच बहुतेकांचा दोन-चार आठवड्यांत परत पण येतो, कारण आधाराच्या पेशी पुन्हा तयार होतात.

डब्यांत काय भरायचं

इथं सगळे चुकतात, मी पण चुकलो. वैनींचा रिपोर्ट यायच्या आधी आम्ही शहाणपणा केला, त्यांच्या नाकाशी बामची डबी धरली. "येतोय की!" म्हणाल्या. सगळ्यांना हायसं वाटलं आणि ते साफ चुकीचं होतं. बाम, कापूर, निलगिरी, पुदिना, अमोनिया, व्हिनेगर, कापलेला कांदा, मिरचीचा खाट, हे नाकाला नुसता वास म्हणून नाही तर थंड, झोंबणारं, जळजळणारं म्हणूनही कळतं, आणि ते काम करणारी नस वेगळीच असते, चेहऱ्याच्या स्पर्शाची. वासाची नस पूर्ण मेली तरी कापूर 'कळतो'. म्हणून ह्यातली एकही वस्तू टेस्टला घेऊ नका. देव्हाऱ्यात कापूर हाताशी असतो म्हणून लोकांना पहिला तोच सुचतो.

मग घ्यायचं काय? मऊ, न झोंबणारे, घरातल्या प्रत्येकानं आयुष्यभर घेतलेले वास. आमच्या पाच डब्या अशा आहेत. कॉफी पावडर, ती चिकोरी घातलेली असली तरी चालेल, पण रोज तीच. बडीशेप, जरा ठेचून. खोबरेल तेल, कापसावर चार थेंब. व्हॅनिला इसेन्स, केकवाला, कापसावर एक थेंब, जास्त नको. आणि गुलाबपाणी किंवा गुलाबाचं अत्तर, हे फार चांगलं कारण गुलाबाच्या वासातला मुख्य पदार्थ नाकाला झोंबतच नाही, नाकाच्या डॉक्टरांच्या टेस्टमध्येही तोच वापरतात. चंदनाच्या साबणाचा किसही चालतो. वेलची चालेल पण तिच्यात निलगिरीसारखा थोडा थंडावा असतो, म्हणून मी ती पहिल्या पाचात घेत नाही. लवंगेचं पण तसंच. लसूण आणि हिंग वाईट नाहीत पण डबीतून बाहेर येऊन बाकीच्या चार डब्या बाटवतात, एकदा हिंग ठेवला होता, आठवडाभर खोबरेलाला सुद्धा फोडणीचा वास.

उदबत्ती नको, ती पेटली की खोलीभर होते. परफ्यूम नको, त्यात स्पिरिट असतं. आणि हौसेनं कुंदा, आमच्या बेळगावची दुधाची मिठाई, ठेवू नका, आमच्या पुतण्यानं ठेवला होता, दुसऱ्या दिवशी डबी रिकामी.

सहावी डबी रिकामी. नुसता कापूस. ही सगळ्यात महत्त्वाची आहे, कशासाठी ते पुढं येतं.

डब्या तयार करणे

सहा अगदी सारख्या डब्या पाहिजेत, रंग, आकार, झाकण सगळं एक. मेडिकलमध्ये गोळ्यांच्या रिकाम्या प्लॅस्टिकच्या बाटल्या मागितल्या तर मिळतात, पांढऱ्या, आतलं न दिसणाऱ्या. धुवून दोन दिवस उन्हात उघड्या ठेवा, नाहीतर औषधाचाच वास येतो. स्टीलच्या छोट्या डब्या त्याहून बऱ्या, स्टील वास धरत नाही. वस्तू अर्धा चमचा, वर कापसाचा पातळ थर, म्हणजे झाकण उघडल्यावर आत काय आहे ते दिसत नाही. नंबर बुडाला लिहायचा, झाकणावर नाही, कारण झाकणं बदलली की सगळा घोळ.

कॉफी आणि बडीशेप दर आठवड्याला बदला. गुलाबपाणी आणि व्हॅनिलाचा कापूस तीन-चार दिवसांनी. खोबरेल महिनाभर राहतं पण खवट व्हायला लागलं की टाका. पावसाळ्यात खानापूर, जांबोटी, कणकुंबी त्या बाजूला राहणाऱ्यांनी जरा जास्तच लक्ष द्या, तिथल्या दमटपणात कॉफीचा चार दिवसांत गोळा होतो आणि मग नाक बरं असून मार्क कमी पडतात. आमच्या मावशीच्या घरी जुलैमध्ये एकाच दिवशी पाच माणसं नापास झाली, सगळे घाबरले, आणि दोष होता कॉफीचा. सगळं घर एकाच डबीला एकाच दिवशी अडखळलं तर आधी डबी बघायची.

आता स्वच्छतेचं. आपण व्हायरस शोधतोय आणि एकच डबी सहा जणांच्या नाकाला लावतोय, असं करून चालणार नाही. जमलं तर प्रत्येकाचा वेगळा सेट करा, सहा डब्यांना काय खर्च येत नाही. नाही जमलं तर डबी नाकाला टेकवायची नाही, दोन बोटं लांब धरायची, वास घेणाऱ्यानं फक्त आत ओढायचं, सोडताना तोंड बाजूला. आणि ज्याला शिंका-खोकला आहे त्याची टेस्ट शेवटी, आणि नंतर त्या डब्या त्याच्याच खोलीत.

कार्ड: हे नाही केलं तर सगळं वाया

नुसतं "हा कसला वास?" विचारलं तर चांगल्या नाकाचा माणूस पण अडखळतो. "कळतंय हो, पण नाव तोंडात येईना," हे तुम्ही पहिल्याच दिवशी ऐकाल. वासाला नाव देणं हे डोक्याचं काम आहे आणि आपल्याला नाक तपासायचंय. म्हणून १९८४ मध्ये अमेरिकेत पेन्सिल्व्हेनिया युनिव्हर्सिटीत रिचर्ड डॉटी यांनी ४० वासांची जी टेस्ट बनवली, तिच्यात प्रत्येक वासापुढं चार पर्याय छापलेले असतात आणि एक निवडावाच लागतो. तेच आपण करायचं.

एका पुठ्ठ्यावर डबीगणिक चार नावं. उदाहरणार्थ कॉफीच्या डबीला: कॉफी, साबण, केळं, लसूण. पर्याय एकमेकांपासून लांबचे ठेवा, 'कॉफी की भाजलेली मेथी' असलं कोडं घालू नका. वाचता न येणाऱ्यांना आणि पोरांना चित्रं काढा. आणि हे आपल्या भागात विशेष: कार्ड घरात ज्या भाषेत स्वयंपाक होतो त्या भाषेत पाहिजे. आमच्या शेजारच्या कन्नड अक्कांना मी मराठी कार्ड दिलं आणि त्या बडीशेपला अडल्या. "सोंपु" म्हटल्यावर लगेच ओळखलं. आता मागच्या बाजूला कन्नड नावं लिहिलीत, तेंगिनएण्णे, सोंपु, कॉफीपुडी, गुलाबी नीरु. घरात निम्मं हे निम्मं ते चालतं, कार्डावर पण चालू दे.

चार पर्याय असल्यामुळं एक हिशेब लक्षात ठेवा. ज्याला काहीच वास येत नाही तो नुसते ठोकताळे मारून पाचात एखादं सहज बरोबर सांगू शकतो. म्हणजे १ म्हणजे शून्यच समजायचा.

पहिला आठवडा फक्त मोजायचं

लोक इथं घाई करतात. ताप आल्यावर डब्या काढतात, तीन ओळखल्या, आता तीन म्हणजे चांगलं का वाईट? कुणाला माहिती. डॉटींच्याच त्या जुन्या अभ्यासात ६५ ते ८० वयातल्या निम्म्याहून जास्त लोकांचं आणि ८० च्या वरच्या तीन-चतुर्थांश लोकांचं नाक मुळातच कमी निघालं होतं, तेही कुठल्या साथीशिवाय. त्यामुळं आजोबांची बरोबरी नातवाशी नाही, आजोबांची आजोबांशी.

आमची निपाणीची आत्ती तीस वर्षं तंबाखूच्या वखारीत काम केलेली. तिच्या अंगावरच्या लुगड्याला आम्हाला अजून तंबाखूचा वास येतो, तिला येत नाही. वर सकाळ-संध्याकाळ मशेरी. तिचं पहिल्या आठवड्याचं नाक पाचापैकी तीन. ते तिचं नेहमीचं नाक, आजार नव्हे. तिचे तीनाचे एक झाले तर काळजी, आमच्या पुतण्याचे पाचाचे तीन झाले तरी काळजी.

तर सगळे बरे असताना सलग सात दिवस रोज टेस्ट करा. वेळ एकच, सकाळी, चहा-मशेरी-विडी-तंबाखूच्या आधी, स्वयंपाकाची फोडणी पडायच्या आधी, देवपूजेची उदबत्ती लागायच्या आधी. तोंड धुतल्यावर पंधरा मिनिटं जाऊ द्या, पेस्टमध्ये पुदिना असतो. माझ्यासारखे फाउंड्रीवाले असतील तर ड्युटीवरून आल्यावर करू नका, कोअरच्या वाळूतल्या रेझिनचा वास संध्याकाळपर्यंत नाकात बसलेला असतो, माझे सकाळी पाच आणि संध्याकाळी तीन येतात.

प्रत्यक्ष टेस्ट, एका माणसाला चार-पाच मिनिटं लागतात. फॅन बंद, खिडकी उघडी. टेस्ट घेणाऱ्यानं मास्क लावायचा आणि हाताला साबणाचा वास नको, म्हणून नुसत्या पाण्यानं धुवून पुसायचे. आधी नाक मोकळं आहे का बघा: स्टीलची वाटी थंड पाण्यात बुडवून, पुसून, नाकाखाली आडवी धरा, श्वास सोडल्यावर दोन नाकपुड्यांच्या दोन वाफा उमटल्या पाहिजेत. एकच उमटली किंवा उमटलीच नाही तर नाक चोंदलंय, आजची टेस्ट वहीत 'चोंद' म्हणून लिहा आणि मार्क धरू नका.

मग डोळे मिटायचे. डब्यांचा क्रम रोज वेगळा, पत्ते पिसल्यासारखा. झाकण उघडून डबी नाकाखाली दोन बोटांवर, दोनदा छोटा श्वास आत, हुंगल्यासारखा, लांबलचक ओढायचा नाही. झाकण बंद. पर्याय वाचून दाखवायचे, एका सुरात, बरोबर उत्तरावर आवाज चढवायचा नाही (आमची आई चढवायची, तिला वाटायचं सगळ्यांना पास करावं). उत्तर आलं की विचारायचं किती जोरात आला, ० ते ५, शून्य म्हणजे काहीच नाही, पाच म्हणजे नेहमीसारखा भरपूर. पुढच्या डबीच्या आधी अर्धा मिनिट थांबायचं कारण नाक एका वासाला लगेच सरावतं.

मधे कधीतरी रिकामी डबी येणार. तिला पण पर्याय द्यायचे, फक्त पाचवा पर्याय नेहमी 'काहीच नाही' असतो, सगळ्याच डब्यांना. रिकाम्या डबीला जो "गुलाब, जोरात, चार" म्हणतो तो अंदाजपंचे उत्तरं देतोय किंवा तुम्हाला खूश करतोय, त्याचे त्या दिवशीचे बाकीचे मार्क पण धरू नका. आमच्या आप्पांनी पहिले तीन दिवस रिकाम्या डबीत चंदन शोधलं, नापास व्हायची भीती. त्यांना सांगावं लागलं की ही परीक्षा नाही, इथं 'येत नाही' म्हणणं हेच शहाणपण.

नोंद भिंतीवरच्या कॅलेंडरवर, तारखेच्या चौकोनात, प्रत्येकाची एका पेनाच्या रंगात: ओळखलेल्या डब्या, आडवी रेघ, जोराची बेरीज. ५/१९ म्हणजे पाचही ओळखल्या आणि जोर पंचवीसपैकी एकोणीस. सात दिवस झाले की जोराचे सात आकडे लहान-मोठे लावायचे आणि मधला, चौथा, तो तुमचा नेहमीचा. सरासरी काढू नका, एखाद्या वाईट दिवसानं ती बिघडते.

रोज करायची का? साथ नसताना आठवड्यातून दोनदा पुरे. घरात, गल्लीत, शाळेत कुणी आजारी पडलं किंवा तुम्ही लग्नाला, जत्रेला, सौंदत्तीच्या यल्लम्माला जाऊन आलात, की पुढचे दहा दिवस रोज.

आकडा पडला तर

आमच्या घरातला नियम असा, हा आमचा अनुभवाचा आहे, दवाखान्याचा नव्हे: नेहमीपेक्षा दोन किंवा जास्त डब्या कमी ओळखल्या, किंवा जोराची बेरीज एक-तृतीयांशानं खाली आली, तर अर्धा तास थांबून डब्या परत पिसून पुन्हा टेस्ट. दुसऱ्यांदाही तेच आलं तर खरं धरायचं. ५/१९ चं ४/१७ झालं तर काही नाही, झोप नीट झाली नसेल. ५/१९ चं २/८ झालं आणि वाटीवर दोन्ही वाफा उमटतायत, म्हणजे नाक मोकळं असून वास पडलाय, तर मग वाट बघत बसू नका.

लगेच मास्क. वेगळी खोली, नसेल तर खिडकीशेजारची कॉट आणि घरातल्या म्हाताऱ्यांपासून लांब. जेवणाचं ताट वेगळं. मेडिकलमध्ये घरी करायचं अँटिजेन किट मिळालं तर करा, पण सुरुवातीच्या दिवसांत ते निगेटिव्ह दाखवून फसवू शकतं, म्हणून ४८ तासांनी परत करा, किंवा सरळ प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन आरटीपीसीआरचं विचारा. काय करावं कळत नसेल तर कर्नाटकात १०४ ला फोन करून विचारता येतं. ऑक्सिमीटर घरात असेल तर दिवसातून दोन-तीन वेळा, आणि ऑक्सिजन ९४ च्या खाली गेलं, धाप लागली, छातीत दुखलं, माणूस बरळायला लागला तर डब्या-बिब्या सगळं बाजूला ठेवून दवाखाना. नाकाच्या मार्कांचा आणि आजार किती जोरात आहे ह्याचा काही संबंध नाही, वास पूर्ण गेलेले लोक घरातच बरे झाले आणि वास शाबूत असलेले ऑक्सिजनवर गेले, हे आपण सगळ्यांनी बघितलंय.

पोरांचं वेगळं. पाच-सहा वर्षांच्या खालच्यांना चार पर्यायांची भानगड कळत नाही, त्यांना दोन चित्रं दाखवा आणि जास्त भरवसा ठेवू नका.

आणि वास हळूहळू, वर्षभरात कमी होत गेला, किंवा डोक्याला मार लागल्यावर गेला, किंवा एकाच नाकपुडीचा गेला, तर ते सहसा व्हायरसचं लक्षण नसतं, नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

वास गेल्यावर घरात काय सांभाळायचं

सिलिंडरच्या गॅसला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाचं घाण वासाचं रसायन घालतात. वास गेलेल्या माणसाला ते कळत नाही. म्हणून ज्याचं नाक पडलंय त्यानं एकट्यानं गॅस पेटवायचा नाही, रात्री रेग्युलेटर बंद करायचं काम दुसऱ्याकडं. काल-परवाची आमटी, दूध, लोणी, हे नासलंय का ते दुसऱ्यानं बघायचं. वैनी तीन आठवडे प्रत्येक भांडं आप्पांच्या नाकाखाली धरून विचारायच्या, आप्पांना पहिल्यांदाच घरात काहीतरी मान मिळाल्यासारखं झालं होतं.

दोन आठवड्यांत सुधारणा नसेल तर डॉक्टरांना दाखवा, आणि स्टिरॉइडचे स्प्रे-गोळ्या कुणी सांगितलं म्हणून स्वतःहून घेऊ नका. घरी करण्यासारखा एक उपाय आहे, नाकाचा सराव. जर्मनीतल्या थॉमस हुमेल यांनी २००९ मध्ये मांडलेला, गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग हे चार वास, सकाळ-संध्याकाळ, प्रत्येकी दहा-पंधरा सेकंद, कमीत कमी बारा आठवडे. इथं निलगिरी चालते, कारण आता तपासायचं नसतं, नाकाला जागं करायचं असतं. हुंगताना तो वास कसा असायचा ते मनात आणायचं, हे ऐकायला खुळ्यासारखं वाटतं पण ते सरावातच आहे. बारा आठवडे म्हणजे कंटाळा येतो, म्हणून चार बाटल्या टूथब्रशच्या शेजारी ठेवा.

वैनींची बडीशेप तिसऱ्या आठवड्यात आली, खोबरेल पाचव्यात. मधे एक विचित्र टप्पा आला, वास यायला लागले पण चुकीचे, कांदा-लसूण परतला की त्यांना सडल्यासारखं आणि कॉफी म्हणजे जळलेलं रबर. घाबरू नका, नाक परत जुळताना पुष्कळांना असं होतं, कॉफीनं तर फारच जणांना होतं, आणि ते काही आठवडे, कधी काही महिने पण चालतं. त्या दिवसांत थंड जेवण बरं पडतं, दहीभात, कोशिंबीर, कारण गरम अन्नाची वाफ वास घेऊन वर येते. बाकी सगळं त्यांचं आता जागेवर आहे, १८-१९ च्या खाली जोर जात नाही. फक्त कॉफीची गोडी काही परत आली नाही, म्हणून त्यांच्या सेटमध्ये तिसऱ्या नंबरच्या डबीत आता चंदनाचा साबण आहे आणि कार्डावर 'कॉफी' खोडून वर बारीक अक्षरात 'गंध' लिहिलंय.